‘छान होतं’ याच्या पुढे काय बोलायचं?

प्रश्न: आम्ही चौघं मित्रमैत्रिणी दर आठवड्याला आळीपाळीने एकमेकांना एक अल्बम ऐकायला देतो. अट एकच, ऐकणाऱ्यांना तो प्रकार नवखा असावा. रविवारी प्रत्येकाने आपली प्रतिक्रिया सांगायची. माझी गाडी ‘छान होतं’ नाहीतर ‘बोअर झालं’ यापुढे जात नाही. मी खयाल ऐकत मोठी झाले. जॅझमध्ये कोण कुठे चाललंय ते मला कळत नाही, मेटलने डोकं दुखतं, हिप-हॉपचे शब्द निसटतात आणि अँबियंट लावलं की झोप येते. बहुतेक ट्रॅक मी वीसेक सेकंदांत पुढे ढकलते. ऐकते तेही कामं करता करता, फोनच्या स्पीकरवर. एक अल्बम किती वेळा ऐकावा? नाही आवडला तर तसं सांगावं का, की नावं मोठी आहेत म्हणून गप्प बसावं? आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. रागसंगीत अजिबात न ऐकलेल्या तिघांना काय द्यावं?
— वीस सेकंदवाली

उत्तर: आधी स्पीकरचं बघू, कारण तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटण्यासारख्या आहेत. फोनच्या छोट्याशा स्पीकरमधून साधारण दोनशे-तीनशे हर्ट्‌झच्या खालचा आवाज जवळजवळ येतच नाही. बास गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते आणि बास ड्रमचा दणका साधारण ५० ते १०० च्या पट्ट्यात असतो. म्हणजे रेगे, डब, हिप-हॉप, हाउस, टेक्नो यांचा पायाच तुमच्यापर्यंत पोचत नाही, वरची टिकटिक तेवढी कानावर पडते. तेवढ्यावरून कुणालाही हे संगीत एकसुरी वाटेल. साधे वायरचे इअरफोन पुरतात, पण ते कानात घट्ट बसायला हवेत. फट राहिली की सगळ्यांत आधी बास जातो. आणि इअरफोन दोन्ही कानांत घाला. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आवाजांची सरळ वाटणी केलेली असे. बीटल्सच्या १९६५ च्या ‘रबर सोल’च्या मूळ स्टिरिओ मिक्समध्ये बऱ्याच गाण्यांत गळा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. एकाच कानाने ऐकलंत तर रविवारी तुम्ही अर्ध्या गाण्याबद्दल बोलत असाल.

अ‍ॅपमध्ये चार गोष्टी एकदाच तपासून घ्या. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळणं, शून्यावर. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काहीतरी सुरू करण्याची सोय बंद. इक्वलायझर सपाट. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) घेतलात तर त्यातले ट्रॅक एकमेकांत मिसळतात. मध्ये अर्ध्या सेकंदाची खाच पडली किंवा अ‍ॅपने स्वतःच्या मनाने दोन ट्रॅक एकमेकांवर चढवले, तर अल्बमचं निम्मं काम वाया जातं. सगळ्या ट्रॅकची पातळी सारखी करणारी सोय मात्र चालू ठेवा. बहुतेक सेवा ती −१४ लफ्सच्या (कानाला जाणवणारी पातळी मोजायचं एकक) आसपास आणतात. ती बंद असली की आज-कालचे अल्बम जुन्या अल्बमपेक्षा कितीतरी मोठ्याने वाजतात, आणि किंचित मोठ्याने वाजणारं कुठलंही संगीत कानाला जास्त भरदार वाटतं. मग ‘१९५९ चा अल्बम पुचाट वाटला’ ही प्रतिक्रिया संगीताबद्दलची न राहता आवाजाच्या बटणाबद्दलची होते.

कामं करता करता ऐकायला हरकत नाही, फक्त पहिली खेप तशी नको. भांड्यांच्या आवाजात हळू वाजणारा भाग बुडतो आणि लक्ष तुटतं ते नेमकं बदलाच्या जागी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हातात काम असलं तरी चालतं, उलट कधी कधी तेव्हाच एखादी जागा नकळत कानात बसते.

आता वीस सेकंदांचं. स्पॉटिफायसारख्या सेवेवर ट्रॅक किमान ३० सेकंद वाजला तरच तो ऐकला म्हणून मोजला जातो, त्यामुळे हल्लीच्या गाण्यांमध्ये पकड घेणारी ओळ पुढे आणण्याकडे कल असतो. या सवयीचा कान घेऊन तुम्ही १९७० च्या दशकातल्या नायजेरियन गायक-वादक फेला कुटीच्या रेकॉर्डकडे गेलात तर फसाल. तिथे रेकॉर्डची एक बाजू म्हणजे बहुधा एकच गाणं, दहा-पंधरा मिनिटांचं. आधी ड्रम आणि गिटार आपापली छोटी चाल धरतात, मग ब्रास (पितळी फुंकवाद्यं), मग सॅक्सोफोन, आणि गळा कित्येक मिनिटांनी येतो. वीस सेकंदांत तुम्ही ऐकलेला असतो फक्त ठेका लागण्याचा भाग. विलंबित खयालाची पहिली वीस सेकंदं ऐकून गायकाबद्दल मत द्यायला तुम्हीच तयार होणार नाही. तेव्हा नियम असा करा: पहिल्या खेपेला एकही ट्रॅक पुढे ढकलायचा नाही. फार कंटाळा आला तर ट्रॅकमधली वेळ लिहून ठेवा, ‘चौथा ट्रॅक, ३:१०, इथून कंटाळा’. हीसुद्धा प्रतिक्रियाच आहे, आणि ‘बोअर झालं’पेक्षा पुष्कळ कामाची.

किती वेळा ऐकावं? आठवड्यात तीनदा. पहिल्यांदा सलग, काहीही न वाचता, कुणाचं मत न विचारता, अल्बम देणाऱ्याचंसुद्धा. अनोळखीपणा एकदाच अनुभवता येतो, तो दुसऱ्याच्या शब्दांनी खर्चू नका. ऐकतानाच चार-पाच जागी ट्रॅकमधली वेळ आणि एकेक शब्द टिपा, वाक्यं नकोत. दुसरी खेप दोन-तीन दिवसांनी, आता शब्द, वाद्यवृंद, साल, कुठली आवृत्ती हे सगळं समोर ठेवून. तिसरी खेप एकाच थराची: पूर्ण अल्बम फक्त बासच्या मागे, किंवा फक्त ड्रमच्या मागे. तीन-चार ट्रॅकनंतर लक्ष सुटतं, तेवढं पुरे. यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स (Zajonc) यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडण्याकडे कल वाढतो. संगीतात हे फार चटकन घडतं, कारण दुसऱ्यांदा ऐकताना पुढे काय येणार याची चाहूल लागते. पण हेच फार ताणलं की उतार सुरू होतो, आणि साधी सरळ गाणी लवकर विटतात. म्हणून दोन दिवसांत दहादा ऐकण्यापेक्षा आठवडाभरात अंतर ठेवून तीनदा ऐकणं चांगलं. आणखी एक सावधगिरी: तिसऱ्या खेपेला ‘आता आवडायला लागलं’ असं वाटलं, तर त्यातलं थोडं श्रेय निव्वळ ओळखीला द्या. रविवारी दोन्ही सांगा, पहिल्यांदा काय वाटलं आणि नंतर काय बदललं. त्या बदलाबद्दल बोलायला सगळ्यांत जास्त मजा येते.

लांबीचा हिशेबही आधी करा. १९४८ साली आलेल्या एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून त्या काळचे अल्बम ३५ ते ४५ मिनिटांचे आणि दोन अंकांचे असतात. पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसरीची सुरुवात मुद्दाम योजलेली असते, तिथे मिनिटभर थांबा. सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावू लागल्यावर १९९० च्या दशकात अल्बम फुगले, आणि त्यातले काही नुसते जागा होती म्हणून फुगले. सत्तर मिनिटांचा अल्बम दोन बैठकांत ऐकला तर अपराध नाही.

आता जॅझ, कारण तिथली तुमची अडचण मला सगळ्यांत रंजक वाटली. खयाल ऐकलेल्या कानाला जॅझमध्ये वाट सापडत नाही याचं एक मोठं कारण म्हणजे षड्ज. रागसंगीतात तंबोरा षड्ज धरून बसलेला असतो, तो हलत नाही. जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, बदलत जातात आणि पायाखालचा आधारच सरकत राहतो. कान षड्ज शोधतो, तो दर दोन मात्रांनी निसटतो, आणि आपण म्हणतो ‘भरकटलेलं आहे’. म्हणून सुरुवात अशा अल्बमने करा जिथे आधार क्वचित हलतो. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) त्यासाठी उत्तम आहे. पाचच रचना, सगळं मिळून पाऊण तास.

त्यातला पहिला ट्रॅक ‘सो व्हॉट’ असा ऐका. सुरुवातीला पियानो आणि बासची अर्ध्या मिनिटाची, ताल नसलेली प्रस्तावना आहे. मग बास मुखडा वाजवतो आणि बाकीचे त्याला दोन कॉर्डचं उत्तर देतात. एक आवर्तन ३२ बारचं, बार चार मात्रांचा, म्हणजे १२८ मात्रा. सुमारे ५५ सेकंदांत एक आवर्तन पुरं होतं. त्यातले पहिले १६ बार एका षड्जावर काफी थाटाचे सूर, पुढचे ८ बार तेच सूर पण षड्ज अर्ध्या सुराने वर, शेवटचे ८ बार पुन्हा खाली. बस, एवढंच. दीड मिनिटाच्या आसपास ट्रम्पेटचा सोलो सुरू होतो, त्यानंतर टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, मग आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, मग पियानोवर बिल इव्हान्स. पहिल्यांदा सोलोकडे लक्षच देऊ नका. पॉल चेंबर्सच्या बासला धरा, आणि षड्ज वर सरकला असं वाटलं की बोट उचला, उतरला की खाली ठेवा. दोन आवर्तनांत हे जमतं. एकदा ती चढण कळली की समेची वाट बघावी तशी तुम्ही तिची वाट बघू लागता, आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: प्रत्येक वादक त्या चढणीला कसा सामोरा जातो? कोण आधीच तयारी करतो, कोण तिथे गप्प बसतो, कोण घाईने भरून टाकतो? रविवारी याचं उत्तर दिलंत तर मित्र चाट पडतील.

दोन अपेक्षा मात्र दाराबाहेर ठेवा. खयालात विस्तार संथाकडून द्रुताकडे चढत जातो. जॅझमधला सोलो तसा चढेलच असं नाही, तो मध्येच शिखर गाठून शांत होऊ शकतो. आणि ड्रम म्हणजे निव्वळ ठेका नव्हे. ड्रमर सोलो वाजवणाऱ्याशी बोलत असतो, त्याला टोचतही असतो.

याच अल्बमची आणखी एक गंमत. १९५९ च्या मूळ रेकॉर्डवर पहिले तीन ट्रॅक मुळापेक्षा किंचित चढ्या सुरात आहेत, कारण त्या सत्रात ध्वनिमुद्रण करणारं टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, आणि ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सूर चढला. १९९२ नंतरच्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. म्हणून चौघांनी एकच आवृत्ती ऐका, नाहीतर दोघं एका रेकॉर्डिंगबद्दल भांडत बसतील आणि प्रत्यक्षात दोन वेगळी ऐकत असतील. शिवाय एका अल्बमवरून ‘मला जॅझ आवडतं’ किंवा ‘आवडत नाही’ असं म्हणू नका. हाच माइल्स डेव्हिस दहा वर्षांनी ‘बिचेस ब्रू’साठी इलेक्ट्रिक पियानो आणि गिटार घेऊन बसला, आणि ते संगीत दुसऱ्याच ग्रहावरचं वाटतं. शक्य असेल तर एका प्रकारातले दोन अल्बम लागोपाठ द्यायचं तुमच्या गटात ठरवा. एकाने मोजपट्टी मिळत नाही.

मेटल आणि डोकेदुखी. पहिला संशयित आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं, आणि पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा. मेटल लोक मोठ्याने लावतात कारण ते मोठ्यानेच लावायचं असा समज आहे. दोन-तीन पायऱ्या उतरवा. दुसरा संशयित मास्टरिंग, म्हणजे अल्बम बाहेर पडण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर दाबून सगळं सारखंच जोरात केलं की कानाला उसंत मिळत नाही. मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर (२००८) ऐकणाऱ्यांनी हीच टीका केली, आणि एका व्हिडिओ गेमसाठी दिलेलं त्याच गाण्यांचं मिक्स कमी दाबलेलं आहे हे त्यांनीच शोधून काढलं. म्हणजे ‘वीस मिनिटांत थकले’ ही तुमची प्रतिक्रिया अडाणीपणाची नसेल, तो मास्टरिंगवरचा अचूक शेराही असू शकतो. याच बँडचा १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ ऐकून कुणी म्हणालं ‘कोरडं आणि पोकळ वाटतं’, तर तेही बरोबर आहे. त्यात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’मध्ये (१९९१) गळा गिटारच्या ढगाखाली इतका दबलेला आहे की शब्द कळत नाहीत. तो दोष मानायचा का? माझ्या मते नाही, कारण तिथे सगळीच रचना त्या धूसरपणाभोवती बांधलेली आहे. गिटार, गळा, ड्रम, सगळ्यांच्या कडा एकाच तऱ्हेने पुसलेल्या आहेत. एखादी खटकणारी गोष्ट अल्बमभर बाकीच्या गोष्टींशी जुळून येते का, हे बघा. जुळत असेल तर ती निवड आहे, मग ती आवडो न आवडो. एकटीच बाहेर राहत असेल तर दोषाचा संशय घ्यायला जागा आहे.

मेटलमध्ये शिरायला ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम (१९७०) बरा, कारण तो संथ आहे. बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्यात पाऊस आणि घंटा थांबल्यावर तीन सुरांचं रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, येतं: षड्ज, तार षड्ज, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. तीव्र मध्यम तुम्हाला यमनमधून चांगला माहीत आहे, पण तिथे त्याला पंचमाचा शेजार असतो. इथे तो पंचमावर विसावतच नाही, अधांतरी लटकत ठेवलेला आहे, आणि भीती तिथून येते. गिटारिस्ट टोनी आयोमीने कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गमावली होती. तो त्या बोटांना टोपणं घालून, हलक्या तारा लावून वाजवायचा, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्यांनी तारा दीड सुराने उतरवल्या, म्हणजे ताण कमी. मेटलचा तो जड, खालचा आवाज काही अंशी इथून आला. पुढच्या काळातल्या टोकाच्या मेटलमध्ये ओरडणं ऐकून बिचकू नका. तिथे गळ्याकडून सुरांची अपेक्षा सोडा आणि त्याला आणखी एक तालवाद्य समजा. सुरावट शोधायची तर गिटारच्या रिफमध्ये. एका गाण्यात किती वेगळी रिफ आहेत ते मोजा आणि पहिलं रिफ परत येतं का ते बघा. बहुतेक गाण्यांची घडण एवढ्याने हाताला लागते.

हिप-हॉपचे शब्द पहिल्या खेपेला निसटू द्या. तेव्हा फक्त दोन गोष्टी ऐका: मागचा तुकडा किती मात्रांनी पुन्हा सुरुवातीला येतो, आणि रॅपरची अक्षरं त्या तालावर नेमकी पडतात, मागे रेंगाळतात की पुढे धावतात. दुसऱ्या खेपेला शब्द समोर ठेवा आणि यमकं फक्त ओळीच्या शेवटी शोधू नका, ती ओळीच्या पोटात जास्त असतात. क्रमाला इथे कमालीचं महत्त्व असू शकतं. केंड्रिक लमारच्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये (२०१५) गाण्यांच्या मधे एक कविता येते, दर वेळी थोडी पुढे सरकते आणि शेवटच्या ट्रॅकमध्ये पूर्ण होते. शफलवर ती नुसती कटकट वाटेल. त्याच्याच ‘डॅम’ची (२०१७) पुढे उलट्या क्रमाची आवृत्तीही निघाली. दोन्ही क्रमांनी ऐकून काय बदललं ते सांगणं हा तुमच्या गटासाठी एका रविवारचा झकास खेळ होईल. आणि एखादा जुना अल्बम अ‍ॅपवर सापडला नाही तर तो बिनमहत्त्वाचा आहे असं समजू नका. डी ला सोलचा १९८९ चा पहिला अल्बम, त्यातल्या सॅम्पलच्या (दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांच्या) परवानग्यांच्या गुंत्यामुळे, मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हता.

अँबियंट ऐकताना झोप आली यात काहीच चुकलं नाही. ब्रायन इनोने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’च्या (१९७८) टिपणात साधारण असंच म्हटलं आहे, की हे संगीत लक्ष देऊन ऐकण्याजोगं असावं आणि तितकंच दुर्लक्ष करण्याजोगंही. दुसऱ्या ट्रॅकमध्ये गळ्याने धरलेले एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेढ्यांवर फिरत राहतात. लांबी जुळत नसल्याने ते दर वेळी नव्या क्रमाने भेटतात. आवाज खोलीतल्या इतर आवाजांच्या बरोबरीने ठेवा. ‘कुठलं गाणं सगळ्यांत चांगलं’ हा प्रश्न इथे लागू नाही, ‘खोलीतला वेळ कसा गेला’ हा लागतो.

शब्दसाठा वाढवायचा एक सोपा व्यायाम सांगते. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचं पियानोवादक ग्लेन गूल्डने दोनदा ध्वनिमुद्रण केलं, १९५५ मध्ये आणि १९८१ मध्ये. पहिलं साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१. पूर्ण ऐकायची गरज नाही. सुरुवातीचा आरिया (मूळ धून) तेवढा दोन्हींमधून लागोपाठ ऐका: पहिल्यात तो दोन मिनिटांच्या आत आटोपतो, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या आसपास जातो. सूर तेच, दोन्हींत पियानोच, वादकही तोच, तेव्हा जो फरक जाणवेल तो बहुतांशी वाजवण्याचा. तो पाच वाक्यांत लिहा, ‘सुंदर’, ‘भावपूर्ण’, ‘जादुई’ हे शब्द न वापरता. ‘सुटे सूर’, ‘सूर एकमेकांना चिकटलेले’, ‘डावा हात पुढे आलेला’, ‘वाक्याच्या शेवटी श्वास घेतल्यासारखा थांबतो’ असे शब्द सापडू लागतील. हेच शब्द पुढे मेटललाही चालतात.

रविवारच्या प्रतिक्रियेसाठी पाच-सहा वाक्यं पुरेत. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यात तीन गोष्टी आल्या की झालं: कुठे, काय घडलं, आणि त्याने तुम्हाला काय झालं. ‘तिसऱ्या ट्रॅकवर २:४० ला ड्रम थांबतात, नुसता बास उरतो, आणि भरकटलेलं लक्ष माझं तिथे परत आलं.’ हे वाक्य ऐकून कुणीही तो ट्रॅक लावून तुमच्याशी वाद घालू शकतो. ‘ध्वनीचा अविस्मरणीय प्रवास’ यावर कुणाला काहीच बोलता येत नाही. ‘अमक्यासारखं वाटलं’ हे जरा जपून. नव्या प्रकारात आपल्याला एक-दोनच नावं माहीत असतात, आणि मग सगळं त्या दोघांसारखंच वाटतं. गुण द्यायचे असतील तर तिसऱ्या खेपेनंतर द्या. माझ्या मते दहापैकी किती यापेक्षा ‘पुन्हा लावीन का, आणि कधी’ हा प्रश्न जास्त खरं बोलायला लावतो.

नाही आवडला तर तसं बेलाशक सांगा, फक्त कुठल्या अर्थाने नाही ते सांगा. ‘हा अल्बम जे करू बघतो ते त्याला जमलंय, पण मला ते नको आहे’ हे एक. ‘जे करू बघतो तेच जमलेलं नाही’ हे दुसरं, आणि त्यासाठी पुरावा म्हणून किमान दोन जागा दाखवायला हव्यात. ‘मी दमलेली होते, नीट ऐकलंच नाही’ हे तिसरं, आणि ते मोकळेपणाने सांगून पुढच्या रविवारची मुदत मागावी. बहुतेक भांडणं होतात ती पहिलं म्हणायचं असताना दुसरं बोलल्यामुळे. मोठ्या नावाचा दबाव घेऊ नका. मात्र वर्षानुवर्षं पुष्कळ लोकांना एखाद्या अल्बममध्ये काहीतरी सापडत असेल तर ‘त्यांना काय ऐकू येतंय?’ असं देणाऱ्याला विचारा आणि त्याच्याकडून एकच ट्रॅक, एकच मिनिट मागा. आवडल्याचं नाटक केलंत तर एक व्यावहारिक तोटा होतो: पुढच्या पाळीला तुम्हाला तसलाच आणखी एक अल्बम मिळतो.

राहिली तुमची पाळी. रागसंगीत न ऐकलेल्यांना एकदम तासाभराचा विलंबित खयाल देऊ नका. तुम्हाला जॅझमध्ये हलता षड्ज जसा चकवतो, तसा त्यांना न हलणारा चकवेल. कॉर्ड बदलायची वाट बघत ते बसतील. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) द्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. वाद्यांचे पोत इतके निराळे आहेत की कोण वाजवतंय हे नवख्यालाही कळतं, आणि गिटार ओळखीची असल्याने त्यांना धरायला एक दोरी मिळते. मेंढपाळाच्या एका दिवसाची कल्पना आहे: पहाटे अहिर भैरवने सुरू होतो, नट भैरव, पिलू, भूप, देस असा पुढे सरकत पहाडीवर थांबतो. नंतरच्या सीडी आवृत्तीत आणखी काही रचना जोडलेल्या आहेत, त्यांनी दिवसाचा क्रम मोडतो. म्हणून यादी पाठवताना पहाडीपर्यंतचेच ट्रॅक पाठवा. सोबत एकच सूचना द्या: प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला, तबला येईपर्यंत, सगळ्यांत जास्त वेळ ज्या सुरावर विसावा घेतला जातो तो गुणगुणून बघा आणि ट्रॅक संपेपर्यंत तो सोडू नका. रागाची नावं, वेळा, थाट हे सगळं दुसऱ्या खेपेपर्यंत स्वतःजवळच ठेवा.